नखाएवढं खोटं

आमच्या घरात खोटं म्हणून जे काही आहे ते सगळं माझ्याकडे आहे. माझे वरच्या जबड्यातले दात खोटे आहेत. माझी जन्मतारीख खोटी आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी 'एक जून टाकू, सोपं पडतं' म्हणून ती टाकली आणि त्या खोट्या तारखेच्या हिशेबाने मी ३१ मे रोजी खराखुरा रिटायर झालो. भिंतीवरचं घड्याळसुद्धा मीच दहा मिनिटं पुढे ठेवलेलं आहे आणि ते दहा मिनिटं पुढे आहे हे घरातल्या सर्वांना माहीत असल्यामुळे त्याचा कुणाला काडीचा उपयोग होत नाही. याउलट आमची ही. तिचे दात तिचे, केस तिचे, पिकलेलेसुद्धा तिचे, आणि वय विचारलं तर महिन्यासकट सांगते. अशा बाईच्या दहाही बोटांना एके दिवशी खोटी नखं आली, हे मी आधी सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा तत्त्वविचार त्यातून निघालेला आहे.

त्याचं असं झालं. ठाण्याला मेहुणीच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. धाकटीने आपल्या मावशीला 'चल गं, गंमत' म्हणून पार्लरात नेलं आणि तीन तासांनी परत आणली तेव्हा हिच्या बोटांवर डाळिंबी रंगाची, बदामाच्या आकाराची दहा नखं होती. मी म्हटलं, "हे काय?" तर ही म्हणाली, "अॅक्रिलिक." चाळीस वर्षांच्या संसारात आमच्यात हा शब्द प्रथमच आला. पण एक कबूल केलं पाहिजे. लग्नात जो तो हिच्या हातांकडे बघत होता आणि हीसुद्धा पदर सावरायची गरज नसताना पदर सावरत होती. त्या हातांकडे इतकी वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणजे मीही.

महाराष्ट्राला कृत्रिम नखं नवी नाहीत. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी त्यांनी काय काम केलं ते शाळेतलं पोरही सांगेल. सतारवादक बोटात तारेची नखी घालतात आणि तिच्यावाचून सतार बोलत नाही. पण वाघनखं काय किंवा नखी काय, ती कामापुरती घालायची आणि काम झालं की काढून ठेवायची. ही नवी नखं तशी नव्हेत. एक पूड आणि एक द्रव कुंचल्याने एकत्र कालवून खऱ्या नखावर थापतात, आणि ते मिश्रण हवेत घट्ट होऊन बसतं. हा शोधही म्हणे एका दंतवैद्याचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दंतवैद्याचं नख तुटलं, तेव्हा त्याने कवळीचाच मसाला त्यावर थापला, असं सांगतात. म्हणजे हिची नखं आणि माझे दात ही नात्याने मावसभावंडं निघाली. मला मनातून बरं वाटलं. घरात खोटेपणाच्या बाबतीत मी इतके दिवस एकटा होतो.

पहिले चार दिवस कौतुकात गेले. मग कणीक आली. कणीक नखांखाली जाऊन बसायची आणि ती काढायला दात कोरायच्या काड्या लागायच्या. मटार सोलता येईनात. ब्लाउजचे हूक लागेनात. माझ्या शर्टाचं बटण तुटलं ते आठ दिवस तुटलेलंच राहिलं. अडीच आठवड्यांनी तर मुळाशी खरं नख वाढून दोनेक मिलिमीटर उघडं पडलं आणि खोटं नख पुढे सरकल्यासारखं दिसू लागलं. भाचीचं म्हणणं असं की आता 'भरून' घ्यायला पाहिजे. म्हणजे जे खोटं आहे त्याच्या मागची फट आणखी खोट्याने बुजवायची. हे ऐकून मला माझी काही जुनी भाषणं आठवली.

आणि नेमका तेव्हाच हिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस ठरला, गुरुवारचा. दवाखान्यातून रविवारी फोन आला, उपाशी कधीपासून राहायचं, कोणती औषधं घ्यायची वगैरे, आणि शेवटी, "आजींना नेलपॉलिश, खोटी नखं काही असेल तर काढून आणा." कारण ऑपरेशनच्या वेळी बोटाला चिमटा लावतात. २०२० साली करोनाने घरोघरी पोचवलेलं ते यंत्र बोटातून आरपार उजेड पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतं आणि मध्ये डाळिंबी रंगाचा जाड पडदा असला तर त्याचा हिशेब चुकू शकतो. मला ते यंत्र एकदम आवडलं. वरच्या रंगाला न भुलता आतलं रक्त बघू पाहणारं असं दुसरं काही आपल्या समाजात उरलेलं नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या पार्लरात चौकशी केली, तर काढण्याचा भाव ऐकून ही पायरी उतरली ती उतरलीच. "लावायला दिले ते दिले. काढायला नाही देणार," म्हणाली. मध्यमवर्गीय माणूस खोटेपणावर खर्च करील, त्याच्या विसर्जनावर करणार नाही. तेव्हा घरीच काढायचं ठरलं.

इथे माझ्या जीवनविषयक तत्त्वज्ञानाचा प्रवेश होतो. माझं लहानपणापासून असं मत आहे, किंवा होतं, की खोटं दिसलं की ते उपटून टाकावं. एका झटक्यात. जखमेवरची पट्टी काढतात तसं. हळूहळू काढण्यात दुःख जास्त आणि पुरुषार्थ कमी. म्हणून मी स्वयंपाकघरातली बोथट सुरी घेतली, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जिथे फट दिसत होती तिथे तिचं टोक घातलं आणि "डोळे मीट" म्हटलं.

हिने जी किंकाळी फोडली ती ऐकून वरच्या मजल्यावरचे कुळकर्णी खाली आले. नख एवढंसं उचकटलं होतं आणि त्याच्या पोटाला चिकटून पांढरा पापुद्रा निघाला होता. तो हिच्या स्वतःच्या नखाचा होता.

भाचीला फोन लावला. ती फोनवरच ओरडली, "काका, ओढलंत? ओढायचं नसतं हो!" मग तिने जे सांगितलं ते तिच्या पिढीच्या मानाने फार गंभीर होतं. नख म्हणजे एक सलग तुकडा नव्हे. केरॅटिन नावाच्या द्रव्याचे पापुद्र्यावर पापुद्रे असतात. केसही त्याचेच. खोटं नख बसतं ते सगळ्यांत वरच्या पापुद्र्याला धरून. ते ओढलं की सुटताना ते एकटं सुटत नाही, ज्याला धरून बसलेलं असतं त्याला घेऊन येतं. खाली राहतं ते पातळ, वाकणारं, गरम पाण्यातही झोंबणारं नख. आणि गेलेला पापुद्रा परत चिकटत नाही. मुळातून नवं नख येईपर्यंत थांबायचं. बोटाचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे सगळं बदलायला सहा महिने.

"मग काय तसंच ठेवायचं?" मी विचारलं. "तसंच नाही ठेवायचं," भाची म्हणाली. "सुटत आलेल्या नखाखाली पाणी शिरतं आणि आत जंतू वाढतात. मग नख हिरवं पडतं. काढायचंच. पण विरघळवून."

मी फोन ठेवला आणि सुरी मोरीत टाकली. मला एकाएकी १९८६ साल आठवलं होतं.

तेव्हा आमच्या बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी होते. सज्जन माणूस. त्यांचे वडील गावी असत. एकदा ते चार दिवस मुलाकडे आले होते आणि मी सहज संध्याकाळी गेलो होतो. वडील मला म्हणाले, "आमचे चिरंजीव ऑफिसर झाल्यापासून त्यांना उसंत म्हणून नाही." माझे सहकारी माझ्याकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ मला कळला होता, हे मी आज कबूल करतो. तरी मी म्हटलं, "ऑफिसर कुठले? आम्ही दोघेही क्लार्कच की!" वडील काही बोलले नाहीत. चहा संपवला, शालीची घडी केली आणि चार दिवसांसाठी आलेले ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत गेले. मला मात्र घरी जाताना फार हलकं वाटत होतं. खोटं उपटल्याचं समाधान काही वेगळंच असतं, विशेषतः ते दुसऱ्याचं असलं म्हणजे.

सत्यवादी माणसाला याबाबतीत मोठमोठ्यांचा आधार मिळतो. कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की खुनी माणूस दाराशी येऊन तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारू लागला तरी खोटं बोलू नये. कांटने लग्न केलं नव्हतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि अश्वत्थाम्याच्या बाबतीत अर्धंच खरं बोलल्याबरोबर तो खाली टेकला. चार बोटांवरून तो एकदम आपल्यासारख्यांच्या पातळीवर आला. पण कांट काय किंवा व्यास काय, दोघांचा प्रश्न 'खोटं बोलावं की नाही' हाच आहे. बोलून झालेलं, लावून झालेलं, वाळून घट्ट बसलेलं आणि ज्याच्याखाली आता जिवंत बोट आहे असं खोटं काढायचं कसं, हे कुणी सांगत नाही. ते सांगायला शेवटी ठाण्याची भाची लागली.

तिने सांगितलेलं मी कागदावर उतरवून घेतलं. अजून फडताळात तो कागद आहे. आधी खोटं नख नेलकटरने जेवढं बाहेर आलं असेल तेवढं छाटायचं. मग वरचा चकचकीत थर कानशीने घासून घालवायचा, कारण त्या चकाकीतून औषध आत जात नाही. (चकाकी असेतो आत काही शिरत नाही, हे मी समासात माझं माझं लिहून ठेवलं आहे.) भोवतीच्या कातडीला व्हॅसलिन चोळायचं. नखाएवढे कापसाचे बोळे शुद्ध अॅसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवायचे आणि वर पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची टोपणं घट्ट बसवायची. वीस मिनिटं ते अर्धा तास थांबायचं. नख जेलीसारखं मऊ झालं की लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे अलगद सारायचं. सरकलं नाही तर जोर करायचा नाही, पुन्हा बोळा ठेवायचा, पुन्हा थांबायचं. शेवटी साबणाने हात धुऊन भरपूर तेल लावायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अॅसिटोन पेट्रोलसारखं पेट घेतं. म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद, विडीकाडी नाही.

औषधांच्या दुकानात मला आधी 'अॅसिटोनविरहित' बाटली दाखवण्यात आली. मी ठामपणे ती परत केली. नावातच 'विरहित' असलेल्या वस्तूने ही नखं निघाली नसती. घरी आलो तर देवापुढे निरांजन तेवत होतं. फुंकर मारायची नाही, ही आमच्या घरची रीत. मग आम्ही दोघं निरांजन आपोआप शांत होईपर्यंत बाल्कनीत बसून राहिलो. तेवढ्यात मी हिला विचारलं, "काडी कसली घ्यायची?" ही म्हणाली, "ती म्हणत होती, संत्र्याच्या लाकडाची असते." खरंच तशी असते. इंग्रजीत तिला संत्र्याचीच काडी म्हणतात. ही थोडं थांबून म्हणाली, "आमच्या नागपूरला सरपण म्हणूनसुद्धा असेल." मी काही बोललो नाही. आम्ही कुल्फीची काडी धुऊन घेतली.

दहा बोटांना दहा चांदीची टोपणं घालून ही जेव्हा हात वर करून खुर्चीत बसली तेव्हा एखाद्या देवळाच्या दहा कळसांसारखी दिसत होती. हिला असं काही न करता बसलेली मी लग्नाच्या बोहल्यानंतर प्रथमच पाहत होतो. फोन घेता येईना, भाजी निवडता येईना, पदरही सावरता येईना. गॅस बंद, त्यामुळे चहाही नाही. थर्मासमध्ये सकाळचा होता तो मी बशीत ओतून हिच्या ओठाला लावला. घड्याळ दहा मिनिटं पुढे असल्यामुळे किती वाजता सुरुवात केली यावर थोडा वाद झाला.

मोकळा वेळ मिळाला की मला उपदेश सुचतो. मी म्हटलं, "बघ, केवढं शहाणपण आहे यात. खोटं ओढून काढलं की खऱ्याचा थर जातो. ते असं भिजवून, वेळ देऊन काढावं. मी त्या सहकाऱ्यांच्या वडिलांपुढे चुकलोच."

ही टोपणांकडे बघत होती. म्हणाली, "आणि ते ज्याचं असतं त्यानं काढायचं, का दुसऱ्यानं?"

आता इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी घरात, नातेवाइकांत आणि माझ्या निरोपसमारंभातल्या भाषणातसुद्धा सांगत आलो होतो की १९८९ साली मला प्रमोशनवर नागपूरची ऑर्डर झाली होती, पण ऐनवेळी वरून रद्द झाली. नागपूर हिचं माहेर. ऑर्डर आल्याचं कळलं त्या संध्याकाळी हिने माळ्यावरच्या ट्रंका खाली काढल्या होत्या. तिथे हिची आई एकटी होती. ऑर्डर वरून रद्द झालेली नव्हती. मी तीन दिवस विचार करून प्रमोशन नको असं लिहून दिलं होतं. मला त्या खुर्चीची भीती वाटली. कर्जाच्या कागदांवर सह्या करायची भीती वाटली. सासुरवाडीत जावई म्हणून राहायचीही थोडी वाटली. पण भीती वाटली असं बायकोला सांगण्यापेक्षा बँक वाईट आहे असं सांगणं सोपं होतं. नखाएवढं खोटं. त्यानंतर सासूबाई चार वर्षं होत्या. त्या चार वर्षांत ही महाराष्ट्र एक्सप्रेसने किती वेळा गेली आणि किती वेळा आली याचा हिशेब मी कधी केला नाही.

खोलीत अॅसिटोनचा वास भरला होता. मी म्हटलं, "नागपूरची ऑर्डर मीच परत केली होती." एवढंच वाक्य. ते म्हणायला मला छत्तीस वर्षं लागली आणि म्हणताना वरचे दात हलल्यासारखे वाटले.

ही म्हणाली, "माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुमचे ते सहकारी हळदीकुंकवाला वहिनींना सोडायला आले होते. त्या वेळी ते इस्टॅब्लिशमेंटलाच होते ना? मी सरळ विचारलं, 'भाऊजी, ह्यांची ऑर्डर कशी हो रद्द झाली?' ते म्हणाले, 'वहिनी, वरूनच झालं.' त्यांना खोटं बोलता येत नाही. लगेच खाली बघायला लागले."

ज्या माणसाचं खोटं मी त्याच्या बापापुढे उपटलं होतं, त्याच्याच टेबलावरून माझा नकाराचा कागद गेला होता, आणि त्याने माझं खोटं माझ्या बायकोपुढे झाकलं होतं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात माझ्याशी इतक्या सभ्यपणे कुणी वागलेलं नाही. ते आता हयात नाहीत, त्यामुळे हे त्यांना सांगायची सोय नाही.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात. मग ते मी काढल्यासारखं झालं असतं. मी म्हटलं, सांगतील कधीतरी." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आईच्या शेवटच्या वर्षात सात वेळा गेले. दर वेळी वर्धा आलं की वाटायचं, आता तासा-दीड तासाचं अंतर राहिलं. आपण इथेच असतो तर."

मी अर्थातच म्हणायला लागलो की मीसुद्धा इतकी वर्षं ते भिजतच ठेवलं होतं, योग्य वेळेची वाट पाहत होतो. पण समोर टोपणं होती आणि अॅसिटोनची बाटली होती, त्यामुळे मला ते वाक्य पुरं करता आलं नाही. ही नखं नुसत्या पाण्याने विरघळत नाहीत. पाण्यात कितीही वर्षं ठेवा, ती तशीच राहतात आणि पाणी मात्र खाली शिरतं. मी गप्प बसलो होतो, त्याला भिजत ठेवणं म्हणता येणार नाही. झटक्याने ओढणं वाईट म्हणून नुसतं थांबणं चांगलं ठरत नाही. थांबायचं ते औषध लावून थांबायचं. आणि औषध झोंबतं, उडून जातं, पेट घेतं, म्हणून ते लावताना घरातल्या आगी आधी विझवाव्या लागतात. रागाच्या भरात खरं बोलणारे लोक गॅस चालू ठेवून बाटली उघडतात.

एक शंका मला अजून छळते. माझ्या सहकाऱ्यांनी मला झाकलं ते चांगलं केलं की वाईट? त्यांनी त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर सासूबाई तेव्हा होत्या. आमच्या घरात भांडण झालं असतं, कदाचित मोठं झालं असतं, आणि कदाचित मी पुन्हा अर्ज केला असता. त्यांच्या सभ्यतेने माझ्या नखाखाली पाणी मुरायला वेळ मिळाला. पण त्यांनी सांगितलं असतं तर मी त्यांना सभ्य म्हटलं नसतं. यातलं कोणतं बरोबर ते मला ठरवता येत नाही. एवढंच कळतं की दोष त्यांच्या झाकण्यात असलाच तर कणभर होता. काढायचं काम माझं होतं.

अर्ध्या तासाने मी टोपणं काढली. डाळिंबी नखं आंबलेल्या सालीसारखी सुरकुतली होती. कुल्फीच्या काडीने सारली तर सात बोटांची अलगद निघाली. तीन हटून बसली. माझा हात सवयीने जोर करायला गेला. ही म्हणाली, "अं हं." पुन्हा बोळे, पुन्हा टोपणं, पुन्हा पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत आम्ही काहीच बोललो नाही आणि तरी मला ती कमी लांब वाटली. शेवटी दहाही निघाली. खाली हिची जुनी, तोकडी, रेघारेघांची नखं होती, थोडी पांढुरकी पडलेली. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी मात्र माझ्या सुरीने एक खोलगट ओरखडा काढून ठेवला होता.

गुरुवारी ऑपरेशन झालं. चिमटा बसला, आकडा आला, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी डोळ्याची पट्टी निघाली तेव्हा हिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही किती म्हातारे दिसता!" मग स्वतःच्या नखांकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

भाचीने बजावलं होतं की रोज रात्री नखांना तेल लावायचं, अॅसिटोनने ती फार कोरडी पडतात. हिच्या डोळ्यात थेंब घालायचे असतात, तेलाचे हात डोळ्याजवळ नकोत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज रात्री दात काढून वाटीत ठेवले की मी खोबरेल घेऊन बसतो आणि एकेक करून दहा नखं चोळतो. डोळ्याचे थेंब महिन्यापूर्वी संपले. तेलाचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलेलं नाही.

मला माफ केलं का, असं मी विचारलेलं नाही. नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं आणि विचारल्याने त्यात काही भर पडत नाही. पुढच्या महिन्याची नागपूरची दोन तिकिटं काढली आहेत. तिथे आता कुणी नाही, पण हिला घर बाहेरून बघायचं आहे. अडीच महिने झाले. काल तेल लावताना मी चश्मा लावून नीट पाहिलं. डाव्या अंगठ्यावरचा तो ओरखडा अर्ध्यावर आला आहे.